कातीचा हिशेब

साप किती दिवसांनी कात टाकतो, या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येतं. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पहिली कात साधारण एक-दोन आठवड्यांत टाकतं. वाढीच्या वयात दर तीन ते सहा आठवड्यांनी एक, आणि पूर्ण वाढलेला साप वर्षाला तीन ते सहा. उत्तर चुकीचं नाही. पण ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून कुणी आपल्या सापाकडे बघत बसला, तर त्याची फसगत ठरलेली. एकाच जातीचे, एकाच वयाचे, एकाच घरातले दोन साप महिना-महिना अंतराने कात टाकतात आणि दोघेही ठणठणीत असतात. दोन ओळींच्या उत्तराला एवढी लांब प्रस्तावना जोडावी लागली ती त्यामुळेच.

पुण्यात हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे बाणेर-बावधनकडच्या फ्लॅटमध्ये काचेच्या पेटीत बॉल पायथन ठेवणारा तरुण. मागच्या महिन्यात टाकली, या महिन्यात का नाही, ही त्याची काळजी. दुसरा धायरी किंवा आंबेगावच्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्याला मीटरच्या खोक्यामागे हातभर कात सापडलेली असते. साप अजून इथेच आहे का आणि पुन्हा कधी येणार, एवढंच त्याला हवं असतं. पहिल्याचा साप आफ्रिकेतला, दुसऱ्याचा मागच्या टेकडीवरचा. दोघांच्या हाती येणारी वस्तू मात्र एकच, आणि ती वाचायची कशी हेही दोघांना सारखंच शिकावं लागतं. या पुस्तिकेची पुढची पानं दोघांसाठी आहेत. पहिल्याला त्यात पथ्यपाणी मिळेल, दुसऱ्याला ओळख पटवण्याची रीत.

सापांबद्दल विचारायची सवय या शहराला जुनी आहे. १९८० साली नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. विक्रम म्हणून ती गोष्ट गाजली, पण त्यांना दाखवायचं होतं ते साधंच होतं: डिवचल्याशिवाय साप चावत नाही. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. आज ते महापालिकेच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. शाळेच्या सहलीत कात्रजला जाऊन नाग पाहिला नाही असा पुणेकर शोधावा लागेल. रविवारी तिथे काचेपाशी उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "हा आजारी दिसतोय." साप मलूल रंगाचा झालेला असतो, कोपऱ्यात गप्प पडून असतो आणि त्याच्या डोळ्यांवर निळसर-दुधी पडदा आलेला असतो. तो आजारी नसतो. आठवडाभरात कात टाकणार असतो. पुढच्या रविवारी तोच साप बघायला कुणी येत नाही, म्हणून आधीचा गैरसमज तसाच घरी जातो.

पुढे जाण्याआधी कायद्याचं. आपल्याकडे पाळीव साप म्हणजे परदेशी जातीचा साप; दुसरं काही कायद्यात बसत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार नाग, धामण, अजगर, मांडूळ यांपैकी काहीही पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही प्रेमळ असो. गारुड्याची टोपली याच कायद्याने रिकामी केली. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीतली जिवंत नागांची मिरवणूक न्यायालयाच्या आदेशाने थांबली, तीही याच आधारावर. मांडुळाच्या नावावर गुप्तधनाची आणि लाखोंच्या किमतीची जी भंपक बाजारपेठ चालते, तिच्याबद्दल इथे लिहायची इच्छा नाही. पोलीस अधूनमधून लिहितातच. परदेशी सापांचा मामला पूर्वी मोकळा होता, आता तसा नाही. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नियम निघाले. त्यानुसार आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींचे जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहेत, त्याने 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची असते. बॉल पायथन त्या यादीत येतो. कॉर्न स्नेक येत नाही, पण तो कुठून आणला याचे कागद जवळ असलेले बरे. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याने कातीची चिंता नंतर करावी.

आता मुख्य गोष्ट. आपलीही कातडी झडते, पण रोज, कोंड्याच्या रूपात, कुणाला न कळता. साप हे काम साठवून ठेवतो आणि सगळ्या अंगाचं एकदम करतो. त्याच्या त्वचेचं चक्र दोन टप्प्यांचं असतं. एक विश्रांतीचा, ज्यात वरून काहीच घडताना दिसत नाही. दुसरा नूतनीकरणाचा, साधारण पंधरा दिवसांचा. या दुसऱ्या टप्प्यात जुन्या बाह्यत्वचेखाली नवी बाह्यत्वचा थराथराने तयार होते, खवल्याला खवला जुळवून. ती पुरी होत आली की दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव साठतो आणि जुना थर सुटा व्हायला लागतो. सापाचा रंग मंदावतो तो या द्रवामुळे. सापाला हलणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो आणि कातीबरोबर तोही बदलतो. त्या खवल्याखालीही द्रव येतो, म्हणून डोळा निळसर होतो. या दिवसांत सापाला धड दिसत नाही. त्यामुळे तो दबकून राहतो, अन्न नाकारतो, एरवी मवाळ असलेला फुत्कारतो. दोन-चार दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवखा पाळणारा इथेच फसतो: साप बरा झाला म्हणून त्याला हातात घेतो, उंदीर देतो. खरं तर कात अजून अंगावरच असते. डोळे निवळल्यावर तीन-चार दिवसांत ती उतरते.

'किती दिवसांनी' या प्रश्नाचं खरं उत्तर या दोन टप्प्यांत आहे. नूतनीकरणाचे पंधरा दिवस फारसे बदलत नाहीत. बदलतो तो विश्रांतीचा काळ. पिल्लू भरपूर खातं, झपाट्याने वाढतं, त्याची विश्रांती जेमतेम दोन-तीन आठवड्यांची. मोठ्या सापाची तीन-चार महिनेसुद्धा चालते. वाढ थांबली तरी कात थांबत नाही, म्हणजे अंगाला कपडा लहान होतो म्हणून साप तो उतरवतो हे लहानपणी ऐकलेलं कारण अर्धवटच आहे. झिजलेला थर बदलणं हेही काम असतंच. खाणं वाढलं की फेऱ्या जवळ येतात, थंडीत लांबतात. अंगावर जखम झाली किंवा पिसवांसारखे बारीक माइट लागले, तर साप वेळेआधी कात टाकतो. अनेक जातींत मादी अंडी घालण्यापूर्वी एक कात टाकते आणि अनुभवी पाळणारा त्यावरून अंड्यांचा अंदाज बांधतो. अवटू ग्रंथीचा यात हात आहे, आणि तोही उलटा: सापात या ग्रंथीचा स्राव कमी झाला तर कात टाकणं वाढतं. म्हणजे वारंवार कात ही तब्येतीची पावती असेलच असं नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी कात टाकणारा मोठा साप बघून खूश होणाऱ्याने आधी भिंगातून त्याच्या खवल्यांच्या खाचा तपासाव्यात.

अमेरिकेतल्या रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा याच हिशेबाने वाढतो. प्रत्येक कातीला त्याचं एक कडं मागे राहतं. तिकडच्या लोकांत कडी मोजून सापाचं वय सांगण्याची जुनी हौस आहे. ती फोल आहे, कारण वर्षाला किती काती हे ठरलेलं नाही आणि टोकाची जुनी कडी तुटूनही जातात. आपण भिंतीवरच्या कॅलेंडरशी जे करतो, तेच ते शेपटीशी करतात.

कात उतरण्याचा प्रसंग बघायला मिळाला तर हातातलं काम सोडून बघावा. साप पेटीत अस्वस्थ फिरायला लागतो. पाण्याच्या कुंडीची कडा, ओंडक्याचं खरखरीत साल, जे सापडेल त्यावर तो नाकाचं टोक घासतो. पहिली चीर ओठांवर पडते, वर आणि खाली. मग हनुवटीची त्वचा एका बाजूला आणि कपाळाची मागे दुमडते. काही क्षण त्याच्या डोक्यामागे एक पारदर्शक झालर उभी राहिलेली दिसते. जुनी कात कुठेतरी अडकली की साप पुढे सरकायला लागतो आणि पायातून मोजा उलटा काढावा तशी ती मागे उलटी होत जाते. पोटाखालचे आडवे पट्टे एकेक करून सुटताना बारीक, ओलसर आवाज येतो. जाड मानेच्या सापाला मध्यावर थांबावं लागतं. तो श्वास भरतो, अंग फुगवतो, पुन्हा सरकतो. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. शेवटी शेपटीचं टोक सुटतं आणि साप मागे वळूनही बघत नाही. ताजी कात हाताला दमट आणि मऊ लागते. तासाभरात ती वाळून कुरकुरीत होते. रंग मात्र सापाबरोबर गेलेला असतो. रंगाच्या पेशी खालच्या थरात असतात, म्हणून कातीवर नक्षीची फक्त फिकट करडी सावली उरते.

कात एकसंध उतरली तर साप आणि त्याची पेटी दोन्ही ठीक आहेत असं समजावं. तुकड्या-तुकड्यांनी निघाली तर बहुधा हवा कोरडी आहे. इथे पुण्याचं हवामान आडवं येतं. बॉल पायथनला पेटीत साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, कात टाकताना थोडी जास्त. एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या हवेत ती वीस-पंचवीसवर येते. त्यात खोलीला एसी आणि पेटीला तापवणारा दिवा, म्हणजे उरलेला ओलावाही गेला. पावसाळ्यात हाच साप विनातक्रार कात टाकतो आणि मालकाला वाटतं आपल्याला जमलं. जमलेलं असतं ते जूनच्या ढगांना. डिसेंबर-जानेवारीत दुसरीच तऱ्हा. रात्री पारा दहा-बारावर येतो, तापवलेला कोपरा पुरत नाही, साप खाणं सोडतो आणि कातही लांबते. तेव्हा 'दोन महिने झाले, टाकली नाही' म्हणून घाबरू नये. आधी थर्मामीटर बघावा.

उन्हाळ्यातला उपाय स्वस्त आहे. झाकणाच्या डब्याला साप शिरेल एवढं भोक पाडायचं, आत ओलं करून पिळलेलं मॉस किंवा जाड सुती फडकं ठेवायचं आणि डोळे निळसर दिसले की डबा पेटीत सरकवायचा. पाण्याची कुंडी साप पूर्ण बसेल एवढी मोठी हवी. करायचं ते एवढंच. न करायची गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात लिहून पेटीवर चिकटवावी: कात ओढायची नाही. अर्धवट लोंबणारी कात बघून माणसाची बोटं शिवशिवतात. ओढलं की खालची अजून पक्की न झालेली त्वचा फाटते. दोन जागा विशेष बघायच्या. एक शेपटीचं टोक. तिथे जुन्या कातीचं कडं राहिलं तर ते आवळत जातं, रक्त पोचत नाही आणि टोक सुकून गळतं. दुसरी डोळे. उतरलेली कात सरळ करून डोक्याचा भाग उजेडात धरावा. भिंगासारखे दोन गोल खवले दिसायलाच हवेत. एकच दिसला तर दुसरा सापाच्या डोळ्यावर आहे. चिमट्याने तो काढायला जाणाऱ्यांनी साप आंधळे केले आहेत. हे सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचं काम आहे, यूट्यूबचं नव्हे.

आता सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. त्यांना सापडलेली कात उलटी असते, म्हणजे आतली बाजू बाहेर. साप तोंडाकडून निघून पुढे गेलेला असतो, त्यामुळे कातीचं शेपूट ज्या दिशेला आहे त्या दिशेला तो गेला. यापलीकडे कात त्याचा ठावठिकाणा सांगत नाही. आडोशाला, पावसापासून लांब पडलेली कात कित्येक महिने टिकते. वाळलेली कात कालची की दिवाळीतली हे नुसतं बघून कळत नाही. लांबीही फसवते. खवल्यांमधली घडीची त्वचा उलगडते आणि ताणली जाते, म्हणून कात सापापेक्षा लांब असते. पाच फुटांची कात टाकणारा साप साडेचार फुटांचाही असेल. आपल्याकडे साप मुळातच सांगताना वाढतो. कातीने त्याला पुरावा मिळतो एवढंच.

ओळख मात्र कात चोख देते, आणि पुण्यात ती एका जोडीसाठी फार महत्त्वाची आहे. मण्यार आणि कवड्या. दोघेही रात्री हिंडणारे, गडद अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेले, घरात शिरणारे. मण्यार देशातल्या सर्वांत विषारी सापांपैकी. तिचा दंश झोपेत होतो आणि बरेचदा दुखतही नाही. कवड्या बिनविषारी, पालींच्या मागे भिंती चढणारा. कातीवर पट्टे स्पष्ट दिसत नाहीत, पण खवले खोटं बोलत नाहीत. कात पाण्यात भिजवून वर्तमानपत्रावर पसरावी आणि अंगाच्या मध्यावर तिरक्या रेषेत खवल्यांच्या रांगा मोजाव्यात. मण्यारीला बहुधा पंधरा भरतात, आणि त्यातली पाठीच्या कण्यावरची रांग शेजारच्यांपेक्षा स्पष्ट मोठी, षटकोनी खवल्यांची असते. कवड्याला सतरा, सगळ्या जवळपास सारख्या. शंका उरलीच तर शेपटीखाली बघावं: मण्यारीचे खवले एकेरी, अखंड, कवड्याचे मधोमध दुभंगलेले, जोडीजोडीने. बोटाने चाचपडून कळणाऱ्या खुणाही आहेत. घोणशीच्या कातीवर पाठीच्या जवळजवळ प्रत्येक खवल्याला मधोमध कणा असतो आणि डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक खवले. धामणीची कात मोठ्या, बहुतांशी गुळगुळीत खवल्यांची, रांगा सतरा. पुण्यात सापडलेल्या लांब काती बहुतेक तिच्याच असतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्या नागाच्या म्हणून फिरतात.

सापांच्या ओळखीचं हे शास्त्र महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेत पी. जे. देवरसांनी सापांवर वर्षानुवर्षं काम केलं; त्यांचं इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढलं. खवले मोजण्याची सवय त्या पिढीला होती. मोबाइलच्या फोटोवर ओळख सांगण्याच्या काळात ती मागे पडली. फोटोवरून नव्वद टक्के वेळा बरोबर सांगता येतं हे मान्य. मण्यारीच्या बाबतीत उरलेल्या दहा टक्क्यांची किंमत कुणी द्यायची हा प्रश्न आहे.

माणसाचं कातीकडे लक्ष मात्र फार पूर्वीपासून आहे. बृहदारण्यक उपनिषदात वारुळावर टाकून दिलेल्या कातीचा दृष्टान्त आहे: ज्ञानी माणसाचं शरीर तसं मागे पडून राहतं. ज्याने तो लिहिला त्याने वारुळावरची कात स्वतः पाहिली होती, याबद्दल मला शंका नाही. नंतरच्यांनी तीच कात तिजोरीत ठेवली, म्हणजे पैसा वाढतो. ठेवणाऱ्यांचा वाढला असेल तर तो कातीमुळे नाही. केराटिनचा तो पातळ पडदा खरोखर कामाला येतो तो प्रयोगशाळेत: औषधाचं मलम कातडीतून किती झिरपतं हे तपासायला माणसाच्या त्वचेऐवजी सापाची कात वापरतात, आणि कातीतून मिळालेल्या डीएनएवरून सापाला हातही न लावता त्याची जात ठरवता येते.

या पुस्तिकेची मांडणी मुद्दाम उलटी केली आहे. 'किती दिवसांनी' हे कोष्टक शेवटी, आणि त्याआधी एक कोरी नोंदवही. तीत चार रकाने आहेत: डोळे निळसर झाल्याची तारीख, कात उतरल्याची तारीख, एकसंध की तुकडे, आणि मागचं खाणं कधी. वर्षभर भरलेली ही वही कोणत्याही पुस्तकातल्या कोष्टकापेक्षा तुमच्या सापाबद्दल जास्त खरी असेल. पशुवैद्याकडे जाताना साप आणि वही दोन्ही न्या.

ज्यांच्याकडे साप नाही, फक्त कात आहे, त्यांनी ती जाळू नये, देव्हाऱ्यातही ठेवू नये. खवले मोजावेत. मोजून मण्यार निघाली तर पलंगाखालचा पसारा काढावा, दाराखालची फट बुजवावी, खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यावी. आणि कातीऐवजी साप स्वतःच दिसला तर काठी शोधू नये. लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.